महादेव जाधव, मुक्काम फलटण

"महादेव जाधव!" असा पुकारा झाला आणि बाकावरून आमचे आप्पा उठले.

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला, टोपी काढून पुन्हा घातली आणि "हां, आलो," म्हणत ते डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. मागोमाग पिशवी सांभाळत त्यांचे दोस्त गुलाबभाई. दारावरच्या शिपायानं विचारलं, "जाधव, फलटण?"

"व्हय," आप्पा म्हणाले. दार बंद झालं.

मी जिन्यापाशी, बोळाच्या तोंडाशी उभी होते. माझ्या वडलांचं नाव विश्वंभर घोगरे, आणि फलटणशी आमचा काडीचा संबंध नाही. आमचं गाव करमाळ्याकडचं. आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. लोक कुऱ्हाडी घेऊन अंगावर आले तरी ज्याची पाळी त्यालाच पाणी, अशी त्यांची ख्याती होती. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. आई असताना ती वैतागायची, "साधी थाप मारता येत नाही ह्यांना. पाहुण्यांसमोर माझी पंचाईत करतात." आदल्याच दिवशी फोनवर ते मला म्हणाले होते की विहिरीवरची मोटर जळालीय, तिच्या मागं आहे.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आधार कार्ड नव्हतं. सांगाल ते नाव केसपेपरवर चढायचं.

त्याच कॅन्सर रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर मी संशोधन विभागात काम करत होते. माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं. पेशंटशी माझा संबंध येत नसे. माझ्याकडे यायचे ते नुसते आकडे. त्या दिवसांत मूत्ररोग विभागाचे प्रमुख डॉ. साळपेकर यांच्यासाठी मी एक आलेख करत होते. मूत्रमार्गाच्या आणि पुरुषांच्या त्या भागातल्या कर्करोगांवर जगात किती संशोधन होतंय, कुठं वाढलंय, कुठं थंडावलंय, हे त्यांना दिल्लीच्या परिषदेत मांडायचं होतं. आलेखावर पाच रेघा होत्या. प्रोस्टेटची रेघ घाट चढल्यासारखी वर गेलेली. मूत्रपिंड आणि मूत्राशय मधे कुठंतरी. त्यांच्या बऱ्याच खाली अंडकोषाची सपाट रेघ. आणि तिच्याही खाली, अगदी तळाला चिकटून, पाचवी.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन आलेख बघत होते.

"सर, ही खालची एवढी सपाट का?" मी विचारलं.

"अंडकोषाची? त्याचं बरंचसं सुटलंय. औषध लागू पडतं, पोरं बरी होऊन घरी जातात. प्रश्न उरला नाही की संशोधनही थंडावतं."

"आणि तिच्या खालची? तिथंही सुटलंय?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "पीनाइल. छे, तिथं कसलं सुटतंय. श्रीमंत देशांत तो आजार फारसा नाही, त्यामुळे कंपन्यांना रस नाही. आपल्याकडे खेड्यांतून येतात पेशंट, पण पेपर कोण लिहितो? काढून टाका ती रेघ. दिसत तर नाहीच, उगाच गर्दी होते."

मी ती काढली. नवीन कागद छापून, तो त्यांना द्यायला जिन्यानं खाली ओपीडीत आले, तर हा पुकारा.

शिपाई मला म्हणाला, "जा की मॅडम आत. सरांनी सांगितलंय, तुम्ही आलात की सोडायला."

"नंतर येते," मी म्हणाले आणि वर आले.

वर येऊन मी काय विचार केला ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा काहीच नाही. मी एका जुन्या अहवालातल्या चुका दुरुस्त करत बसले. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला. भेंडीची भाजी होती, ती संपवली, डबा धुतला. तेवढ्यात मोबाइल वाजला. नंबर शहरातलाच, कुठल्यातरी पीसीओचा.

"वैजू, मी बोलतोय."

"बोला आप्पा."

"काय न्हाय. मोटर झाली दुरुस्त. आता चार दिवस रानातच मुक्काम हाय, फोन लागला न्हाय तर काळजी करू नको."

त्यांच्या पाठीमागं रुग्णालयाचा लाउडस्पीकर बोलत होता. एक्स-रेसाठी आलेल्यांनी डाव्या बाजूला थांबावं, असं काहीतरी. तेच शब्द माझ्या खिडकीतूनही आत येत होते.

"बरं," मी म्हणाले.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"पिठलं-भाकरी," आप्पा म्हणाले.

आमचं बोलणं एरवीही एवढंच असायचं. आई गेल्यावर तर जास्तच. ती जायच्या चार वर्षं आधी मी लग्न मोडून परत आले होते. एक बॅग घेऊन करमाळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा आप्पा समोर उभे होते. त्यांनी बॅग उचलली आणि विचारलं, "जेवलीस का?" बस्स. का आलीस, काय झालं, परत जाणार का, यातलं एक अक्षर त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. भावकीतली माणसं विचारायला आली की ते उठून त्यांना चहा घ्यायला बाहेर हॉटेलात घेऊन जायचे.

चार वाजता डॉ. साळपेकर स्वतःच कागद न्यायला वर आले. खुर्चीत टेकले, पाणी प्यायले.

"गंमत बघा," ते म्हणाले. "ज्याची रेघ सकाळी काढली, त्याचाच पेशंट आला आज. फलटणचा. सोलापुरात तपासणी करून, रिपोर्ट घेऊन आलाय. दोन वर्षं मलम लावत बसला होता. दोन वर्षं! आता जांघेत गाठी आल्यात."

मी आलेखाचा कागद पाकिटात घालत होते. तो घातला.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय, ऑपरेशन. दुसरा इलाज नाही. भरती करून घेतलंय, पण गडी नाहीच म्हणतो. घरी कोण आहे विचारलं, तर म्हणे एक मुलगी आहे, तिला कळता कामा नये. अहो, मुलीला कळू नये म्हणून माणूस मरायला तयार आहे. काय करायचं अशांचं?" त्यांनी घड्याळ बघितलं. "मी उद्या दिल्लीला निघतो, सोमवारी परत. तोवर तो थांबला तर करीन."

ते गेले. जाताना म्हणाले, "आलेख छान झालाय हं. एकदम स्वच्छ."

साळपेकर चांगले माणूस होते. हात सोन्याचा होता त्यांचा. हे मी मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये गुलाबभाईंनी मला गाठलं. गुलाबभाई तांबोळी म्हणजे आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. गावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, माझी परकर-पोलकी त्यांनीच शिवलेली. मी रांगेत उभी असताना ते खांबाआडून माझ्याकडे बघत होते. शेवटी आले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "काल जिन्यापाशी तू उभी हुतीस. मी बघितलं तुला. त्यानं न्हाय बघितलं."

"मला कळलंय काय झालंय ते."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मलाबी गेल्या महिन्यात कळलं. सायकलवरून उतरताना कळवळला, तेव्हा दाखवलं. सोलापूरचा डॉक्टर हितंच जा म्हणाला, आन् तू वर आकड्यांत असतीस, खाली येत न्हाईस, म्हणून तो आला. नाव बदलायचं त्याच्याच डोक्यात. मी त्याचा भाऊ लागतो हितं. गुलाब जाधव. सही करून दिलीय मी." क्षणभर त्यांना हसू आल्यासारखं झालं, आणि लगेच गेलं. "पर आता तो ऐकत न्हाय. बोचकं बांधून बसलाय. दुपारच्या गाडीनं जायचं म्हणतोय. तू काय बोलू नको त्याच्याशी, बरं का. तुला कळलंय हे त्याला कळलं ना, तर तो ऑपरेशनचं सोड, घरीबी जायचा न्हाय. कुठं जाईल अल्ला जाणे."

"मग मी काय करू, चाचा?"

"मला काय ठाव," ते म्हणाले. "मी शिंपी माणूस."

मी वर गेले. आमच्या विभागात खुंटीला पांढरे ॲप्रन लटकवलेले असायचे, मोठे पाहुणे आले की घालायचे. त्यातला एक मी अंगात घातला. छातीवर माझ्या नावाची पट्टी होती, ती काढून खणात ठेवली. नुसतं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून एक कोरं पॅड घेतलं आणि पुरुषांच्या वॉर्डात गेले.

आप्पा खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते. पायांत चपला, मांडीवर पिशवी. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा झोपला होता. गुलाबभाई रिक्षा बघायला गेले होते.

मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले.

"महादेव जाधव तुम्हीच का?" मी विचारलं.

आप्पांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. हात आठवतो. हातानं त्यांनी कॉटवरची चादर ओढून गुडघ्यांवर घेतली. मग माझ्या ॲप्रनकडे बघितलं, पट्टी नव्हती तिथं बघितलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, आता एकतर ते माझं नाव घेतील, नाहीतर उठून चालू लागतील.

"व्हय," ते म्हणाले. "मी जाधव."

"मी वर संशोधन विभागात असते. अशा आजाराच्या पेशंटना आम्ही थोडे प्रश्न विचारतो. बसू का?"

"बसा, बाई."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. मी स्टूल ओढून बसले.

"त्रास कधीपासून आहे, काका?"

"दोन वर्सं झाली. आधी खाज हुती. मग बारकी पुळी आली. म्हटलं, जाईल."

"कुणाला दाखवलं?"

"तालुक्याला एक डॉक्टर हाय, त्याला. त्यानं मलम दिलं. नीट बघितलंच न्हाय त्यानं. मीबी दाखवलं न्हाय नीट. पोरगंच हुतं ते, त्यालाबी अवघडल्यासारखं झालं."

"घरात कुणाला सांगितलं?"

"मंडळी वारली. एक मुलगी हाय. शहरात असती, मोठ्या हुद्द्यावर."

"तिला?"

पिशवीच्या बंदाला आप्पांनी एक गाठ मारली, ती सोडली.

"बाई, तुमचे वडील हायेत का?"

"आहेत."

"मग तुम्हीच सांगा. त्यांनी हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"मग तिलाबी येणार न्हाय ऐकायला."

मी पॅडवर काहीतरी खरडलं. अक्षरं नव्हती ती.

"आजाराचं नाव सांगितलंय का तुम्हाला?"

"डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. मी परत विचारलं न्हाय."

तो शब्द मी इंग्रजीत रोज टाइप करत होते. मराठीत मी तो आयुष्यात कधी उच्चारला नव्हता, कुणासमोरच नाही.

"लिंगाचा कॅन्सर," मी म्हणाले.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. शेजारचा म्हातारा घोरत होता. आप्पांनी फक्त मान हलवली, कालव्यावर कुणी पाण्याची पातळी सांगितल्यावर हलवायचे तशी.

"ऑपरेशनला नाही म्हणालात?"

"काय राहतं मागं, बाई, माणसाचं?"

"पुढचा भाग काढतात. थोडा राहतो. लघवी बसून करावी लागेल. जांघेतल्या गाठी काढतील, ती जखम लवकर भरत नाही. पाय सुजतील, ते बहुतेक कायमचे." मी हे सगळं एका दमात बोलले. माझा आवाज मला अहवाल वाचल्यासारखा येत होता. "पण जगता येतं. गाठी वेळेत काढल्या तर पुष्कळ जण जगतात."

"आणि न्हाय काढल्या तर?"

"तर वर्ष, फार तर दीड. आणि शेवट वाईट असतो. गाठी फुटतात, घाण येते. कधी जांघेतली मोठी शीर फुटून सगळं रक्त जातं. त्या वेळी जवळ कोण असेल ते सांगता येत नाही. मुलगीसुद्धा असू शकेल."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं.

"तुम्हाला हे सगळं कसं ठाव?"

"माझं कामच आहे ते. किती जणांना होतं, किती वाचतात, त्यावर कोण काय शोधतंय, ते सगळं मी मोजते."

"मग शोधत्यात का ह्याच्यावर?"

"फारसं नाही."

"का?"

"ज्यांना होतं ते बोलत नाहीत, म्हणून असेल."

"आसंल," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या पोरीचंबी असंच काम हाय काहीतरी. आकड्यांचं. मला कधी नीट कळलं न्हाय."

"विचारलं नाहीत तिला?"

"आम्ही न्हाय विचारत एकमेकांना काही." ते पुन्हा पिशवीच्या बंदाशी खेळायला लागले. "ती नवऱ्याचं घर सोडून आली, तवाबी मी विचारलं न्हाय. म्हटलं, आपण विचारायचं आन् तिला परत ते सगळं डोळ्यापुढं आणायचं. तिची आई म्हणायची, विचारा. मी म्हणायचो, सांगायचं असंल तर सांगंल." मग खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "विचारायला पाहिजे हुतं का, बाई?"

वॉर्डबॉय औषधाची गाडी ढकलत येत होता. ती जाईपर्यंत मी थांबले.

"माझ्या ओळखीत एक होती," मी म्हणाले. "तिचा नवरा मारायचा तिला. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. आधी हातानं, मग हाताला लागेल त्यानं. एकदा दिवस गेलेले असताना मारलं. ते राहिलं नाही मग. तिनंही घरी सांगितलं नव्हतं. वडलांना कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून."

आप्पा हलले नाहीत. त्यांची मान तशीच खिडकीकडे होती. कॉटची लोखंडी दांडी त्यांनी धरली होती आणि मानेच्या शिरा दिसाव्यात इतके ते ताठ बसले होते. बाहेर कुणीतरी लाउडस्पीकरवर कुणाच्यातरी नातेवाइकाला बोलावत होतं.

"तिनं सांगायला पाहिजे हुतं," ते म्हणाले.

"हो."

"ऐकून बाप गेला असता तिचा. तिथल्या तिथं गेला असता."

"हो," मी म्हणाले. "तिला माहीत होतं ते. म्हणून नाही सांगितलं."

मला रडू आलं नाही. त्यांनाही नाही. मी पॅडचं पान उलटलं, दुसरं कोरं पान वर आलं. आप्पांनी एक पाय वर घेतला, चप्पल काढली. मग दुसरी. दोन्ही चपला वाकून कॉटखाली सारल्या. पिशवी उशाशी ठेवली.

"गुलाब आला की त्याला सांगा बाई, रिक्षा नको म्हणावं."

सोमवारी परत आल्यावर साळपेकरांनी ऑपरेशन केलं. नेहमीसारखं नीट केलं. मला म्हणाले, "तो फलटणचा थांबला की हो! ऐकलं तुम्ही बोललात त्याच्याशी. काय सांगितलंत?"

"काही नाही. प्रश्न विचारले," मी म्हणाले.

तो महिनाभर मी रोज दुपारी ॲप्रन घालून वॉर्डात जायचे. "कसं आहे काका आज?" "बरं हाय, बाई." जखमेतून पाणी किती येतं, ताप आहे का, पायाची सूज कितपत, हे ते मला सांगायचे, अगदी नीट, कुठलाही शब्द न वगळता. आणि चालता यायला लागल्यावर संध्याकाळी मला फोन यायचा. "वैजू, मी बोलतोय. हिकडं रानात चिखल झालाय नुसता." मी म्हणायचे, "जपून चाला आप्पा." "जेवलीस का?" "हो."

गुलाबभाईंना हे बघवायचं नाही. ते एकदा वॉर्डाच्या दारात मला म्हणाले, "अरे काय नाटक लावलंय तुम्ही बापलेकींनी!" पण तेही सगळ्यांसमोर आप्पांना महादेवभाऊ म्हणायचे.

पुढं मी साळपेकरांच्या मागं लागून या आजाराच्या पेशंटांची वेगळी नोंद सुरू केली. गावोगावची माणसं यायची, उशिराच यायची. मी त्यांच्याशी बोलायला लागले. काही वर्षांनी आमचा एक छोटासा लेख छापून आला. कुणी फारसा वाचला असेल असं वाटत नाही. त्यानंतरच्या आलेखांत पाचवी रेघ मी ठेवत गेले आणि साळपेकरांनीही ती काढायला सांगितली नाही. ती अजून तशीच खाली आहे, किंचित वर सरकली असेल.

आप्पा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटी गेले ते हृदयविकारानं, झोपेत. तपासणीला ते नेमानं यायचे, जाधव म्हणूनच. गावात कुणाला काही कळलं नाही. पण त्यातला एक दिवस सांगायचा राहिला.

ऑपरेशनला चार-पाच महिने झाले असतील. जांघेतली जखम एका जागी भरतच नव्हती, रोज पट्टी बदलावी लागायची. गावात ते काम गुलाबभाई करायचे, दुकानाचं दार लावून घेऊन. ते एकदा ओट्यावरून घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. दोन दिवसांनी आप्पा माझ्या दारात उभे. बरोबर तीच पिशवी.

"गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "म्हटलं, शहरात दाखवावा."

"बरं केलंत," मी म्हणाले.

मी ऑफिसात रजा सांगितली. दुपारी जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन कॉटवर आडवे झाले. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. थोड्या वेळानं मी आत गेले, तर पिशवीतलं सामान त्यांनी स्टुलावर मांडून ठेवलं होतं: कापूस, औषधाची बाटली, चिकटपट्टी, कात्री. मी हात धुऊन आले. आप्पांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि तोंडावर पसरून घेतला.

मी पट्टी सोडली. जखम धुतली. आजूबाजूची कातडी लाल झाली होती, तिथं मलम लावलं. जे बघायचं ते बघितलं. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. टॉवेलखाली त्यांचा श्वास वर-खाली होत होता. नवीन पट्टी बसवली, धोतर सारखं केलं, चादर वर ओढली.

"झालं," मी म्हणाले.

टॉवेलखालून आवाज आला, "बाई, तुमचा हात हलका हाय."

"दुखलं का, काका?"

"न्हाय. गुलाबचा हात जड हाय. त्याला सांगू नका."

"नाही सांगत."

मी जुनी पट्टी कागदात गुंडाळली, सामान पिशवीत भरलं, हात धुऊन परत दारापाशी आले. आप्पांनी तोंडावरचा टॉवेल काढला होता. छताकडे बघत पडले होते. मला बघून त्यांनी कूस वळवली.

"वैजू," ते म्हणाले, "चहा टाकतीस का जरा?"